संमतीवाचून नोंद : व्यक्तिगत माहितीच्या कायद्यातील नोकरीविषयक खंडाचे परीक्षण

कर्मचाऱ्याविषयी जेवढी माहिती मालकाच्या दप्तरी असते तेवढी त्याच्या निकटच्या आप्तांनाही क्वचितच असते. वेतन, बँकेचे खाते, वारस म्हणून नेमलेल्या व्यक्तीचे नाव, आजारपणाची प्रशस्तिपत्रे, वरिष्ठांचे अभिप्राय आणि अलीकडे हजेरीसाठी घेतलेला बोटाचा ठसा, हे सारे एका ठिकाणी गोळा होते. पूर्वी ही सामग्री सेवापुस्तिकेत व कपाटात बंद असे. ती पाहावयाची तर कोणाला तरी कुलूप उघडावे लागे. आज ती संगणकावर असल्याने एकाच वेळी अनेकांना दिसू शकते, आणि ज्याच्याविषयी ती आहे त्याला मात्र बहुधा दिसत नाही. या विषमतेला आपला नवा कायदा कितपत आवर घालतो, एवढाच प्रश्न प्रस्तुत लेखात विचारासाठी घेतला आहे.

सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात खाजगीपणाचा हक्क हा मूलभूत हक्क असल्याचे एकमताने मान्य केले. त्यानंतर बरेच मसुदे झाले, त्यांतील २०१९ चे विधेयक २०२२ मध्ये मागे घेण्यात आले, आणि ऑगस्ट २०२३ मध्ये डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण अधिनियमास राष्ट्रपतींची संमती मिळाली. त्याखालील नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले. मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर अठरा महिन्यांनी अमलात याव्यात, असे त्यांत ठरविण्यात आले. या अधिनियमाचे सातवे कलम संमतीवाचून माहिती वापरण्याचे प्रसंग सांगते. नोकरीची प्रयोजने, मालकाचे हानीपासून अथवा दायित्वापासून रक्षण, आणि कर्मचाऱ्याने मागितलेली सेवा वा लाभ, हे त्यांपैकी एका खंडात येतात.

संमतीची अट येथे सोडली, एवढ्यावरून कायदेकारांना दोष देणे न्याय्य होणार नाही. संमती खरी ठरावयाची तर ती नाकारण्याची मोकळीक हवी. महिन्याच्या वेतनावर ज्याचे घर चालते त्याने नेमणुकीच्या कागदांबरोबर केलेल्या सहीला मुक्त संमती म्हणणे म्हणजे कायद्याने स्वतःचीच फसवणूक करून घेणे होय. तेव्हा नोकरीच्या व्यवहाराला संमतीखेरीज दुसरा आधार शोधणे रास्तच आहे. परंतु संमतीचे कवच काढून घेतल्यावर त्याच्या जागी दुसरे कोणते दिले, हा प्रश्न उरतोच. आणि प्रस्तुत खंडाचे खरे मूल्यमापन तेथेच करावे लागते.

पहिला आक्षेप व्याप्तीविषयी आहे. २०१९ च्या विधेयकात नोकरीसंबंधी चार प्रयोजने सांगितली होती : भरती व सेवासमाप्ती, सेवा व लाभ, हजेरीची पडताळणी आणि कामाचे मूल्यमापन. संमती घेणे अनुचित किंवा अवाजवी कष्टाचे असेल तेव्हाच ती सवलत मिळावयाची होती, आणि संवेदनशील माहिती तिच्यातून वगळली होती. २०२३ च्या अधिनियमात संवेदनशील माहितीचा वेगळा वर्गच उरलेला नाही. ‘नोकरीची प्रयोजने’ या शब्दांना मर्यादा घालणारे काहीही त्या खंडात नाही. बोटाचा ठसा, आजाराचे निदान आणि घरचा पत्ता हे तिन्ही एकाच मापाने मोजले जातात.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर असून तो एका कलमाच्या वाचनाने ध्यानात येत नाही. अनेक कलमे शेजारी ठेवून वाचावी लागतात. पाचव्या कलमातील सूचना द्यावयाची ती संमतीच्या मागणीबरोबर. अकराव्या कलमातील माहिती पाहण्याचा हक्क आणि बाराव्या कलमातील दुरुस्तीचा व पुसून टाकण्याचा हक्क, हे दोन्ही संमती दिलेल्या व्यक्तीपुरते, किंवा जिने स्वेच्छेने माहिती पुरविली तिच्यापुरते आहेत. नोकरीच्या खंडाचा त्यांत उल्लेख नाही. म्हणजे संमती गेली की तिच्या मागोमाग सूचना, दर्शन आणि दुरुस्ती ही तिन्ही जातात. प्रयोजन संपल्यावर माहिती नष्ट करण्याचे बंधन आठव्या कलमात आहे खरे; पण ‘विनिर्दिष्ट प्रयोजन’ याची व्याख्या ‘सूचनेत नमूद केलेले प्रयोजन’ अशी केली आहे. जेथे सूचनाच नाही, तेथे ते बंधन कोणत्या क्षणी लागू व्हावयाचे?

यावर असे म्हटले जाईल की, सुरक्षिततेची जबाबदारी तर मालकावर कायम आहे. तीत कसूर झाल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, आणि तक्रारीचा मार्गही खुला आहे. शिवाय ज्या माहितीवरून व्यक्तीविषयी निर्णय घ्यावयाचा ती पूर्ण व अचूक असावी, असेही आठवे कलम सांगते. हे सर्व मान्य आहे. पण कुलूप बाहेरच्या चोरापासून रक्षण करते; ज्याच्या हाती किल्ली आहे त्याच्यापासून नव्हे. जर्मनीतील न्यूरेंबर्ग येथे एच. अँड एम. या वस्त्रविक्रेत्या कंपनीच्या सेवाकेंद्रात रजेवरून परतलेल्या कर्मचाऱ्यांशी आपुलकीने बोलून त्यांचे आजार, कौटुंबिक अडचणी व धार्मिक श्रद्धा यांच्या नोंदी ठेवल्या जात, आणि त्या पन्नासपर्यंत वरिष्ठांना वाचता येत. ऑक्टोबर २०१९ मध्ये यंत्रणेतील चुकीमुळे त्या काही तास कंपनीभर उघड्या पडल्या, म्हणून हे प्रकरण बाहेर आले. पुढील वर्षी हँबर्गच्या माहिती-संरक्षण अधिकाऱ्याने सुमारे ३ कोटी ५३ लक्ष युरो दंड केला. गैरप्रकार नोंदीतच होता. गळतीने तो केवळ दिसला. ज्याला आपली नोंद पाहता येत नाही त्याने ती चुकीची आहे हे ओळखावे कसे, आणि तक्रार तरी कशाची करावी?

हे तत्त्व आपल्याकडे परके नाही. देव दत्त खटल्यात एका सरकारी अधिकाऱ्याच्या गोपनीय अहवालात ‘चांगला’ असा शेरा होता. बढतीसाठी ‘अतिशय चांगला’ हवा होता, आणि तो शेरा त्याला कळविलाच गेला नव्हता. असा प्रत्येक शेरा संबंधित सेवकास कळविला पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये ठरविले. त्यामागे संमतीचा विचार नव्हता. न्याय्य वर्तनाचा होता. नेमका हाच आधार २०२३ च्या कायद्याला उपलब्ध असताना त्याने सारे हक्क संमतीच्या एकाच खुंटीला टांगले.

दुरुस्ती अवघड नाही. सूचना, दर्शन व दुरुस्ती यांचे हक्क सातव्या कलमाखालील नोकरीच्या खंडासही लागू करावेत आणि त्या खंडात ‘आवश्यक तेवढीच’ ही मर्यादा घालावी. तोपर्यंत कोणत्याही संस्थेला, विद्यापीठालाही, आपल्या सेवकांना वर्षातून एकदा त्यांची संपूर्ण नोंद दाखविण्यास कायद्याची आडकाठी नाही. जी नोंद संबंधितास दाखविण्याचे धैर्य मालकाला होत नाही ती ठेवण्याचा त्याला कितपत अधिकार आहे, याचा विचार या अधिनियमाच्या अभ्यासकाने अवश्य करावा.