नेमलेला कवी आणि आवडता कवी

विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी निबंधमालेच्या आधीपासून शालापत्रकात संस्कृत कवींवर जे निबंध लिहावयास घेतले आणि जे पुढे ‘संस्कृत कविपंचक’ या नावाने ग्रंथरूपाने एकत्र झाले, त्यांतील पाच नावांकडे आजच्या संस्कृताच्या विद्यार्थ्याने एकदा सावकाश पाहावे, असे मला फार दिवस वाटत आले आहे. कालिदास, भवभूती, बाण, सुबंधू आणि दंडी ही ती पाच नावे होत. पैकी तिघे गद्यकार. विशी नुकतीच ओलांडलेल्या एका मराठी शिक्षकाने भारवी, माघ आणि श्रीहर्ष या महाकाव्यांच्या जुन्या मानकऱ्यांना दारातच थांबवून गद्याच्या पदरात तीन आसने टाकावीत, ही गोष्ट त्या काळीही धिटाईची होती. आज मात्र ती जवळजवळ अनाकलनीय झाली आहे. कारण ठाणे, कल्याण, डोंबिवली या पट्ट्यातून पदवीसाठी वा पदव्युत्तर अभ्यासासाठी संस्कृत घेणाऱ्या मुलामुलींना, मग ती वर्तकनगरातून बस धरून ठाणे स्टेशन गाठणारी असोत की डोंबिवलीच्या फलाटावर गर्दीत उभी राहणारी असोत, तुमचा आवडता ग्रंथकार कोण असे विचारले तर कालिदासाचे नाव प्रश्न संपण्याच्या आतच येते, मग भास येतो, मुलगी थोडी गंभीर प्रकृतीची असेल तर भवभूती येतो, सुभाषितांचा शौक असणारा एखादा भर्तृहरी सांगतो, आणि यादी तेथेच संपते. गद्यकार त्या यादीत नसतो. असलाच तर सांगणाऱ्याच्या स्वरात किंचित क्षमायाचना असते.

ही आवडनिवड केवळ कालमहिम्याने घडली असे म्हणून मोकळे होता येणार नाही. आवड ही निम्मी तरी पुरवठ्याची लेक असते, आणि संस्कृत ग्रंथांचा आमच्याकडील पुरवठा मुंबई विद्यापीठाच्या १८५७ मधील स्थापनेपासून परीक्षेच्या दप्तराशी बांधलेला आहे. ब्यूलर आणि कीलहॉर्न यांनी उभारलेली मुंबई संस्कृत ग्रंथमाला ही महाविद्यालयातील विद्यार्थ्यांची गरज डोळ्यांपुढे ठेवूनच निघाली. शंकर पांडुरंग पंडितांचा ‘रघुवंश’, भांडारकरांचे ‘मालतीमाधव’, काशिनाथ त्र्यंबक तेलंगांचे ‘मुद्राराक्षस’, पीटरसनची ‘कादंबरी’, ब्यूलरने हाती घेतलेले ‘दशकुमारचरित’ ही तिची जमेची बाजू. या नामावळीत गद्य आणि पद्य एकाच पंक्तीला बसले आहेत, हे विसरता कामा नये. जावजी दादाजींच्या निर्णयसागराने त्याच काळात टीकेसह मूळ ग्रंथ सुबक टायपात आणि माफक किमतीत घरोघर पोचविले. आणि त्यानंतर मोरेश्वर रामचंद्र काळे यांनी प्रस्तावना, मूळ, संस्कृत टीका, इंग्रजी भाषांतर आणि टिपा असा सगळा सरंजाम एकाच बांधणीत बसवून विद्यार्थ्याची जन्माची सोय करून ठेवली. काळ्यांच्या विद्वत्तेविषयी शंका घेण्याचे धारिष्ट मी करणार नाही. परंतु त्या सोयीचा एक परिणाम असा झाला की, मूळ वाचल्यावाचून ग्रंथ वाचल्याचे समाधान मिळण्याचा मार्ग मोकळा झाला, आणि त्या मार्गाने पिढ्यामागून पिढ्या निर्धास्तपणे उत्तीर्ण होत गेल्या.

जुन्या पुस्तकांच्या दुकानातून आणलेली काळ्यांच्या ‘कादंबरी’ची एक प्रत माझ्याजवळ आहे. तीवर निदान तीन धन्यांच्या हस्ताक्षरांच्या खुणा दिसतात. एकाने तांबड्या पेन्सिलीने समास सोडविले आहेत, दुसऱ्याने समासात मराठी अर्थ लिहिले आहेत, तिसऱ्याने नुसत्या फुल्या आणि ‘महत्त्वाचे’ असे शेरे मारले आहेत. शुकनासाने चंद्रापीडाला केलेला उपदेश जेथे संपतो तेथे या तिन्ही लेखण्या एकदम थांबतात. पुढची पाने कोरी, काही ठिकाणी तर कडा चिकटलेल्याच. उपदेशानंतर राजपुत्राचा यौवराज्याभिषेक होतो, तो दिग्विजयाला निघतो, एका किन्नरमिथुनामागे घोडा फेकून वाट चुकतो आणि अच्छोद सरोवराच्या काठी वीणेच्या सुरामागे जात जात महाश्वेतेपाशी पोचतो. म्हणजे ज्या क्षणी बाणाची कथा खऱ्या अर्थाने उमलू लागते, त्या क्षणी आमचा विद्यार्थी तिची रजा घेतो. त्याच्या लेखी बाणभट्ट हा लक्ष्मीच्या चंचलपणावर आणि तारुण्याच्या उन्मादावर अतिदीर्घ समासांत प्रवचन करणारा एक वयस्क मंत्री ठरतो. पोपटाच्या तोंडी ऋषीची कथा आणि ऋषीच्या कथेत प्रियकरांचे जन्मजन्मांतर गुंफणारा कथाकार त्याला भेटतच नाही. अशा ग्रंथकारावर कोणाचे प्रेम बसावे? वीस गुणांसाठी उपदेश आणि पाच गुणांसाठी टीप, एवढा व्यवहार पुरा झाला की हिशेब मिटला.

येथे एका अडचणीचा मोकळेपणाने विचार केला पाहिजे. श्लोक हा प्रवासाला सोयीचा असतो. ठाण्याहून माटुंग्याला रुइया महाविद्यालयात किंवा कलिन्याला विद्यापीठात जाणाऱ्या विद्यार्थ्याला मेघदूताचा एखादा श्लोक गाडीत पाठ करता येतो, मुलुंड येईपर्यंत त्याचा अन्वय लागतो आणि घाटकोपरच्या गर्दीतही तो मनात घोळत राहतो. बाणाचे तसे नाही. शूद्रक राजाच्या वर्णनाचे पहिलेच वाक्य घ्या. ‘होता’ एवढे क्रियापद आरंभीच देऊन टाकून बाण विशेषणांच्या, उपमांच्या आणि श्लेषांच्या ओळीमागून ओळी लावीत जातो, आणि कोण होता ते नाव भांडुप मागे पडले तरी हाती लागत नाही. हा दोष आहे असे वेबरसारख्या युरोपीय पंडितांना वाटले आणि आमच्यापैकी पुष्कळांनी तो अभिप्राय पदरात बांधून घेतला. परंतु ज्याने हे वाक्य एकदा मोठ्याने, घाई न करता, श्वासाच्या जागा सांभाळून वाचले आहे, त्याच्या ध्यानात येते की नावासाठी ताटकळत ठेवणे हीच येथील कला आहे. दरबारात राजा प्रकट होण्यापूर्वी चोपदारांची ललकारी जशी लांबत जाते, तसे ते वाक्य लांबते. हे शिकवावयास वेळ लागतो, वर्गात मोठ्याने वाचणारा अध्यापक लागतो आणि सत्रपद्धतीच्या वेळापत्रकात या दोन्हींची तजवीज नाही.

भासाच्या लोकप्रियतेची कथा याच्या नेमकी उलट आहे आणि ती मला अधिक उद्बोधक वाटते. चिपळूणकरांच्या यादीत भास नव्हता, याचे कारण साधे आहे: त्याची नाटके कोणाच्या हाती नव्हती. कालिदासाने आपल्या पहिल्या नाटकाच्या प्रस्तावनेत ज्याचे नाव आदराने घेतले तो नाटककार शतकानुशतके नावापुरताच उरला होता. त्रिवेंद्रमच्या त. गणपतिशास्त्र्यांनी १९१२ पासून ती तेरा नाटके छापावयास आरंभ केला. ती सर्व एकाच हातची की नाही यावर पंडितांत रणे माजली, आणि पुण्याच्या चिं. रा. देवधरांनी ‘भासनाटकचक्र’ एकत्र संपादून दिल्यावर आमच्याकडील विद्यार्थ्याला ती घरची झाली. एका शतकात हा नवखा इसम भवभूतीला मागे टाकून पसंतीच्या दुसऱ्या स्थानी बसला. ‘ऊरुभंग’, ‘कर्णभार’, ‘मध्यमव्यायोग’ ही एकाच बैठकीत संपतात, वाक्ये आखूड असतात, दुर्योधनाच्या मांड्या फुटल्यावर त्याचा लहान मुलगा नेहमीच्या सवयीने मांडीवर बसावयास येतो तेव्हा कोणत्याही टीपेवाचून डोळे भरतात. येथे विद्यार्थ्याने संपूर्ण कृती वाचलेली असते. त्याची आवड उसनी नसते. म्हणून भासाविषयी बोलताना त्याला आपले मत असते आणि कालिदासाविषयी बोलताना बहुधा आपल्या अध्यापकाचे.

युरोपातील लॅटिनच्या विद्यार्थ्यांचीही रीत फारशी निराळी नाही. तेथे सीझरचे युद्धवृत्तांत सोप्या गद्यासाठी नेमले जातात आणि त्याच कारणाने मुलांच्या मनातून उतरतात. व्हर्जिलचा मान अबाधित असतो, पण त्याच्या बारा सर्गांपैकी दुसरा, चौथा आणि सहावा एवढ्यांवरच बहुतेकांची भिस्त. जिव्हाळा मात्र जातो कॅटलसकडे, ज्याची छोटी, तिखट, निर्लज्ज प्रेमकाव्ये व्हेरोनात १३०० च्या सुमारास सापडलेल्या एका हस्तलिखितामुळे जगली. आमच्याकडे लॅटिन रुजले ते गोव्यात, राशोलसारख्या सेमिनरींत. पण तेथील वाचन धर्मोपदेशकाच्या तयारीचे होते आणि त्याची गाठ मराठी रसिकतेशी क्वचितच पडली. उशिरा सापडलेला आणि आकाराने लहान असा कवी तरुणांना चटकन जवळचा वाटतो, एवढे साम्य पुरे.

भारवीविषयी दोन शब्द. त्याच्या ‘किरातार्जुनीया’चा पहिला सर्ग इतक्या वर्षांपासून इतक्या अभ्यासक्रमांत मुक्रर झाला आहे की, या महाकाव्याला अठरा सर्ग आहेत ही वार्ता पुष्कळांना परीक्षेच्या आदल्या दिवशी कळते. त्या सर्गातील द्रौपदीचे भाषण विद्यार्थिनींना मनापासून आवडते. ती नवऱ्याला सुनावते, आणि मुद्देसूद सुनावते. ही आवड खरी आहे. तिच्या जोरावर दुसऱ्या सर्गातील भीमाच्या भाषणापर्यंत कोणी जात नाही एवढीच खंत.

शालान्त परीक्षेत संस्कृत घेणाऱ्यांची वाण या पट्ट्यात मुळीच नाही. ‘आमोद’ आणि ‘आनंद’ ही पाठ्यपुस्तके घरोघर दिसतात, संपूर्ण घ्यावे की संयुक्त याचा खल आठवीच्या पालकसभेत तावातावाने होतो, आणि शंभरापैकी शंभर देणारा विषय म्हणून संस्कृताची पत बाजारात उत्तम आहे. परंतु गुण पदरात पडताच ती झुंबड अकरावीच्या दारात विज्ञान आणि वाणिज्य या दोन वाटांनी पांगते. जगन्नाथ शंकरशेट यांच्या नावाच्या संस्कृत शिष्यवृत्तीचा जुना दबदबा याहून निराळ्या जातीचा होता. चिंतामणराव देशमुखांनी ती १९१२ मध्ये मॅट्रिकला मिळविली, पुढे ते सनदी नोकरीत गेले, रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले, आणि एवढ्या आकडेमोडीच्या संसारातही त्यांनी मेघदूताचे मराठीत समवृत्त भाषांतर केले. गुणांसाठी वाचलेला कवी गुणपत्रिकेबरोबर जात नाही, याचा हा दाखला. मात्र त्यासाठी तो कवी कधीतरी आरंभापासून अंतापर्यंत वाचलेला असावा लागतो.

म्हणूनच मला अभ्यासमंडळाकडे काही मागावयाचे असेल तर ते एवढेच की, पाच ग्रंथांचे पाच तुकडे नेमण्याऐवजी एक ग्रंथ सबंध नेमावा आणि तो ‘दशकुमारचरित’ असावा. दंडीच्या या पुस्तकात चोर आहेत, जुगारी आहेत, गणिका आणि ढोंगी संन्यासी आहेत. अपहारवर्मा चंपानगरीत शिरून कृपण श्रीमंतांची घरे फोडतो त्या भागाची खुमारी कोणत्याही आधुनिक गुन्हेकथेला भारी पडेल. सातव्या उच्छ्वासात मंत्रगुप्ताचे ओठ प्रियेच्या दंतक्षताने दुखत असतात, म्हणून तो आपली सगळी हकिकत एकही ओष्ठ्य वर्ण न उच्चारता सांगतो, आणि दंडी हा पण पानेच्या पाने निभावून नेतो. विशीतल्या वाचकाला एवढे आमिष पुरेसे आहे. ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चे, कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४ चे. ग्रंथांची आणि बसावयाच्या जागेची उणीव या भागात कधीच नव्हती.

तूर्त मात्र गद्याशी आमच्या विद्यार्थ्याचा संबंध एकगुणी प्रश्नाचा आहे. बाणाच्या मृत्यूनंतर ‘कादंबरी’ कोणी पूर्ण केली, असा तो प्रश्न. त्याच्या पुत्राने, असे त्याचे उत्तर. आणि ते सर्वांना येते. पण बापाची लेखणी कोठे थांबली ते पाहण्यासाठी पूर्वभागाचे शेवटचे पान उलटून पाहिले, तर पत्रलेखा चंद्रापीडाला कादंबरीची विरहावस्था सांगत आहे आणि ते सांगणे अर्ध्यावरच तुटले आहे असे दिसते. उत्तरभागाच्या आरंभी मुलगा म्हणतो की, कवी म्हणवून घेण्याच्या अभिमानाने मी हे हाती घेतलेले नाही, कथा तुटल्याचे सज्जनांना दुःख झाले म्हणून घेतले आहे. त्याचे गद्य वडिलांच्या मानाने फिके आहे, हे दोन्ही पाने शेजारी ठेवून मोठ्याने वाचली की दुसऱ्याच परिच्छेदात कानाला कळते.