रिकाम्या गाडीची शर्यत

मंडळी, मागच्या व्याख्यानानंतर रावेरच्याच एका विद्यार्थ्याने आम्हाला लॅपटॉपवर एक प्रयोग दाखवला. 'नमस्कार' एवढंच छापणारं एक पान साध्या पीएचपीत लिहिलेलं आणि तेच पान लॅरावेल या फ्रेमवर्कमध्ये. दोन्हींवर अपाचेबेंचने विनंत्यांचा मारा केला. साधं पान कितीतरी पटींनी पुढे. ''सर, फ्रेमवर्क म्हणजे संथपणा,'' तो म्हणाला.

आकडे खोटे नव्हते. निष्कर्ष मात्र घाईचा होता. न्यायशास्त्रात याला उपाधी म्हणतात. अग्नी तिथे धूर, असं आपण म्हणतो. पण धूर येतो ओल्या सरपणामुळे. तापलेल्या लोखंडी गोळ्यात अग्नी असतो, धूर नसतो. इथलं ओलं सरपण म्हणजे ते रिकामं पान. समजा, साध्या पानाला 1 मिलिसेकंद लागतो, फ्रेमवर्कला 10. दहापट! आता त्यात 200 मिलिसेकंदांचं डेटाबेसचं काम घाला. 201 आणि 210. कुठे गेली दहापट? केळीचे घड न भरता ट्रक आणि मोटारसायकल पळवली, तर कोण जिंकणार हे सांगायला प्रयोग कशाला? टेकएम्पॉवरच्या 2013 पासूनच्या चाचण्यांत नुसत्या मजकुराबरोबर डेटाबेसच्याही कसोट्या असत, त्या याचसाठी. आणि हो, त्या लॅपटॉपवर ऑपकॅश बंद होतं. फ्रेमवर्क प्रत्येक विनंतीला ढीगभर फायली उघडतं. त्यांचं भाषांतर दर वेळी नव्याने करायला लावणं हा अन्यायच झाला.

पण विद्यार्थ्याची बाजूही आहे, बरं का. डेटाबेसची वाट पाहताना प्रोसेसर मोकळा असतो. ते जादाचे 9 मिलिसेकंद मात्र तो बहुतेक राबतच असतो. गर्दीत हाच हिशेब अंगावर येतो. 16 जुलै 2021 आठवा. दहावीचा निकाल, पंधरा लाखांहून अधिक मुलं, आणि संकेतस्थळ तासन्तास उघडेना. घराघरांत पोरं मोबाइल धरून बसलेली. निकालाच्या पानाला काम किती? सीट नंबर, आईचं नाव, एक नोंद. म्हणजे जवळजवळ 'नमस्कार'च! अशा दिवशी तो पोरकट वाटणारा प्रयोग खरा ठरतो. आमचं मत विचाराल, तर तिथे दोन्ही नकोत. निकाल आदल्या रात्रीच तयार फायली करून ठेवावेत.

साध्या कोडची बाजू घेणाऱ्याने आणखी एक सांगावं: फॉर्मची तपासणी, लॉगिन, डेटाबेसवरच्या घुसखोरीपासून बचाव हे सगळं लिहिणार कोण? ते अपाचेबेंचच्या काट्यावर चढतच नाही. त्या विद्यार्थ्याला आम्ही सांगितलंय, ऑपकॅश चालू कर, एक खरा फॉर्म घाल आणि पुन्हा मोज. पुढच्या खेपेला आकडे तोच सांगेल.