अर्थ हरवलेली शिवी

'कॉलेज रोमान्स' ह्या हिंदी वेबमालिकेच्या निर्मात्यांवर व कलावंतांवर दाखल झालेला अश्लीलतेचा गुन्हा सर्वोच्च न्यायालयाने १९ मार्च २०२४ रोजी रद्दबातल ठरविला. त्यापूर्वी वर्षभर, मार्च २०२३ मध्ये, दिल्ली उच्च न्यायालयाने नेमका उलट निर्णय दिला होता. संबंधित भाग आपल्या दालनात इअरफोन लावूनच ऐकावा लागला, असे तेथील न्यायमूर्तींनी निकालपत्रात नमूद केले होते. सर्वोच्च न्यायालयाने मात्र ग्राम्यता आणि अश्लीलता एक नव्हेत, असे सांगितले. असे शब्द उच्चारणाऱ्याला त्यांचा शब्दशः अर्थ अभिप्रेत नसतो. राग, वैताग, उत्तेजना एवढेच त्यांतून प्रकट होते, असा त्या युक्तिवादाचा आशय आहे.

कायद्याच्या दृष्टीने हा निवाडा मला योग्य वाटतो. भाषा वाईट म्हणून लेखकाला तुरुंगाची वाट दाखवू लागलो, तर पहिला बळी चांगल्या साहित्याचाच जाईल. हा भेद आपल्या काव्यशास्त्रालाही परका नाही. मम्मटाने 'काव्यप्रकाशा'त अश्लील आणि ग्राम्य हे दोन वेगळे दोष मानले, आणि वक्ता व प्रसंग यांच्या औचित्यामुळे दोषही क्वचित गुण ठरतो, अशी मुभाही ठेवली. परंतु न्यायालय जेथे थांबते, तेथून समीक्षेचे काम सुरू होते. शब्दात अर्थच उरलेला नाही, हा आरोपीचा उत्तम बचाव होईल. लेखकाचा तो बचाव कसा होऊ शकेल?

१९७२ हे वर्ष ह्या संदर्भात मराठी वाचकाला आठवावे. त्या वर्षी विजय तेंडुलकरांचे 'सखाराम बाइंडर' रंगभूमीवर आले आणि नामदेव ढसाळांचा 'गोलपिठा' प्रसिद्ध झाला. 'बाइंडर'च्या भाषेवर केवढे वादळ उठले! परिनिरीक्षण मंडळाशी कमलाकर सारंगांना न्यायालयात झगडावे लागले. पण ते नाटक आज शांतपणे वाचावे. सखारामची शिवराळ वाणी त्याच्या एकट्याची आहे. मुंगळ्याशी बोलणारी लक्ष्मी त्याच घरात वेगळी मराठी बोलते, आणि चंपाचा रांगडेपणाही सखारामहून निराळा आहे. प्रत्येक असभ्य शब्दामागे माणूस उभा आहे. 'गोलपिठा'ला तर तेंडुलकरांनीच प्रस्तावना लिहिली, आणि कवितांतील कित्येक शब्द आपल्याला कळले नाहीत, हे तीत मोकळेपणाने सांगितले. ते शब्द कामाठीपुऱ्याच्या परिसरातील जगण्यातून आले होते. त्यांचा अर्थ लागतो, आणि लागला की वाचक अस्वस्थ होतो.

'कॉलेज रोमान्स'च्या त्या भागात एक चांगली शक्यता होती. मित्राच्या तोंडची भाषा ऐकून एक तरुणी हरकत घेते. ह्या शब्दांचा खरा अर्थ काय होतो, हे त्याला सुनावते. नाट्य येथे सुरू व्हायला हवे होते. पण आक्षेप घेणारी तीच शेवटी तसे बोलते, आणि त्या गमतीवर प्रसंग संपतो. लेखकाने प्रश्न विचारला आणि उत्तर हशात बुडविले. मालिकेचा खरा दोष मला हा वाटतो. शब्दांची संख्या मोजणे व्यर्थ आहे.

आपल्या लोकपरंपरेने शिवी कधी नाकारली नाही. कोकणात शिमग्याला बोंब मारण्याची, अपशब्द उच्चारण्याची मुभा असे; परंतु तिला दिवस ठरलेला होता आणि तो उलटला की तोंडही आवरले जाई. आता शिमगा बाराही महिने आहे. (शिमग्याची गंमत त्यामुळे वाढली, असे मात्र कोणी म्हणत नाही.) ह्यांतील बहुतेक शिव्या आईबहिणींवरच्या असतात, काही चक्क जातींची नावे असतात. बोलणाऱ्याच्या लेखी अर्थ मेला असेल. ज्या स्त्रीच्या वा ज्या समाजाच्या नावाने तो शब्द घडला, त्यांच्या कानांवर तो आजही पूर्ण अर्थानिशी पडतो.

हानी बोलणाऱ्याचीही होते. आमच्या गावच्या मैदानावर गोल झाला की मुलांच्या तोंडी जो शब्द येतो, तोच गोल हुकल्यावरही येतो, आणि मित्र भेटल्यावरही तोच. त्यांतील एका तरुणाला अलीकडे कामावरून काढून टाकले. महिन्याचा पगारही बुडविला. तो सांगायला आला. संतापाने हात थरथरत होते, आणि तोंडून आला तो मैदानावरचाच शब्द. समोर पाद्री बसला आहे हे ध्यानात येताच तो ओशाळला, आणि मग बराच वेळ काही बोलेना. कोणी, केव्हा, काय केले, हे मला एकेक प्रश्न विचारून काढून घ्यावे लागले. तक्रारीचा अर्ज शेवटी मीच लिहून दिला; त्याने खाली सही केली.