संदर्भसूचीचे संगणकीकरण आणि मराठी संशोधन : एक चिकित्सा

संदर्भ हा शोधनिबंधाचा अलंकार नसून त्याचे उत्तरदायित्व होय. लेखकाने केलेले विधान वाचकाला मूळ साधनापर्यंत जाऊन तपासता यावे, हाच संदर्भ देण्यामागील हेतू असतो. संदर्भसूची तयार करणाऱ्या संगणकप्रणालींचे मूल्यमापनही याच कसोटीवर व्हावयास हवे.

अमेरिकेतील जॉर्ज मेसन विद्यापीठाच्या इतिहासविषयक केंद्राने २००६ साली ‘झोटेरो’ ही विनामूल्य प्रणाली उपलब्ध करून दिली. त्याच वर्षी विक्रोळी येथे गोदरेज समूहाचे अभिलेखागार स्थापन झाले. हा केवळ योगायोग असला, तरी संदर्भप्रणालीचे सामर्थ्य आणि मर्यादा या अभिलेखागाराच्या उदाहरणाने स्पष्ट होतात. देशातील पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीसाठी (१९५१-५२) विक्रोळीच्या कारखान्यात मतपेट्या तयार झाल्या होत्या. या विषयाच्या अभ्यासकाने एखाद्या ग्रंथाचा आयएसबीएन क्रमांक दिला, तर त्याची नोंद क्षणार्धात तयार होते. परंतु जुने छायाचित्र, कार्यालयीन पत्र किंवा कामगाराची ध्वनिमुद्रित मुलाखत यांना असा क्रमांक नसतो. कोणी सांगितले, केव्हा सांगितले आणि ते कोणत्या संग्रहात जतन केले आहे, हे अभ्यासकालाच नोंदवावे लागते. प्रणाली रकाना पुरविते. त्यातील मजकूर पुरवीत नाही.

मराठी साधनांच्या बाबतीत ही मर्यादा अधिक जाणवते. राम गणेश गडकरी यांनी नाटके स्वतःच्या नावाने, कविता ‘गोविंदाग्रज’ या नावाने आणि विनोदी लेख ‘बाळकराम’ या नावाने लिहिले. संगणकाच्या दृष्टीने हे तीन स्वतंत्र लेखक ठरतात. मुखपृष्ठावरील ‘शके १८२०’ मधील केवळ आकडा वर्षाच्या रकान्यात भरल्यास ग्रंथ ७८ वर्षांनी जुना होतो. इंग्रजी शैली निवडल्यास देवनागरी नोंदींमध्ये ‘आणि इतर’ऐवजी ‘एट अल.’ अवतरते. जुन्या, युनिकोडपूर्व टंकांत टंकलिखित केलेले प्रबंध तर शोधयंत्राला वाचताही येत नाहीत.

शंकर गणेश दाते यांनी १८०० ते १९३७ या काळातील मराठी ग्रंथांची सूची संगणकाविना सिद्ध केली आणि पुढील खंडात ती १९५० पर्यंत आणली. त्या सूचीचे महत्त्व स्वल्पविरामांच्या अचूकतेत नाही; विखुरलेल्या ग्रंथांचा शोध घेऊन त्यांची नोंद करण्याच्या परिश्रमात आहे. आज मात्र अनेक ठिकाणी संदर्भाचे परीक्षण विरामचिन्हांपाशीच थांबते. ‘एपीए’ शैलीतील चूक तत्परतेने दाखविली जाते. नमूद केलेले पृष्ठ उघडून पाहिले जातेच असे नाही. या वृत्तीचा धोका २०२३ साली न्यूयॉर्कमधील एका खटल्यात उघड झाला. चॅटजीपीटीने रचलेले, प्रत्यक्षात अस्तित्वात नसलेले न्यायनिवाडे दाखले म्हणून सादर केल्याबद्दल तेथील न्यायालयाने वकिलांना दंड केला. त्या दाखल्यांचे बाह्यरूप खऱ्या दाखल्यांसारखेच होते; त्यामागे साधन नव्हते.

सारांश, संदर्भप्रणालीचा अव्हेर करण्याचे कारण नाही. शेकडो नोंदींची जुळणी आणि एका शैलीतून दुसऱ्या शैलीत रूपांतर ही कष्टाची कामे ती निश्चितच हलकी करते. वाचलेला वेळ प्रत्येक नोंद मूळ साधनाशी ताडून पाहण्यात खर्च झाला, तरच ही सोय संशोधनाच्या उपयोगी पडेल. अन्यथा सूची निर्दोष आणि संशोधन निराधार, अशी स्थिती उद्भवेल.