खेळाचा नियम आणि कथनाचा रूपबंध

खेळावर बेतलेल्या कथेत खेळ हा बहुधा जय-पराजयाचे निमित्त असतो. तो बदलला तरी कथा फारशी बदलत नाही. पारंपरिक जपानी खेळांवरील तीन अ‍ॅनिमे मालिका मात्र अभ्यासकांनी आवर्जून पाहाव्यात, कारण त्यांत खेळाचा नियमच कथनाचा रूपबंध घडवतो.

‘हिकारू नो गो’ (२००१-०३) मध्ये हेइआन काळातील गो-गुरू साई याचा आत्मा आजच्या शाळकरी मुलाच्या आश्रयाने खेळतो. ‘गो’च्या पटावर मांडलेली सोंगटी सरकवता येत नाही, नंतरची प्रत्येक खेळी तिला नवा अर्थ देते. परंपरेचे याहून नेमके रूपक शोधणे कठीण. ‘सान्गात्सु नो लायन’ (२०१६-१८) शोगीवर आधारलेली आहे. शोगीत मारलेले मोहरे मारणाऱ्याच्या बाजूने पुन्हा पटावर उतरू शकते. अपघातात कुटुंब गमावून परक्या घरात वाढलेल्या रेई किरियामाचे जीवन याच नियमाने वाचता येते.

सर्वांत मूलगामी प्रश्न उभा करते ती ‘चिहायाफुरू’ (२०११ पासून तीन पर्वे). कारुता हा खेळ ‘ह्याकुनिन इश्शु’ या शंभर कवितांच्या संकलनावर उभा आहे. वाचक कवितेचा पूर्वार्ध उच्चारतो आणि खेळाडू उत्तरार्ध लिहिलेले पान झडपतो. सात कविता तर पहिल्या अक्षरावरूनच ओळखता येतात. म्हणजे खेळाडू जितका निष्णात, तितकी कविता कमी ऐकली जाते. ती आशय गमावून निव्वळ ध्वनिचिन्ह बनते. नायिका चिहाया ही या ध्वनीची उपासक, तर तिची सहखेळाडू कानादे कवितेचा अर्थ जपणारी. या दोघींच्या मैत्रीतून मालिका सुचवते की अर्थ जाणल्याने कान बोथट होत नाही, उलट अधिक सजग होतो.

सामन्यांमागून सामने रचण्याचा क्रीडाकथेचा साचा हिलाही टाळता आलेला नाही, हे मान्य केले पाहिजे. तथापि काव्याचा नाद आणि अर्थ यांच्या संबंधाची चर्चा आपण सिद्धान्ताच्या पातळीवर करीत असतो; ती चर्चा येथे एका पानाकडे झेपावणाऱ्या हातात मूर्त होते. काव्याच्या अभ्यासकाने ही मालिका पाहावी, ती यासाठी.