दख्खनच्या शिंपल्यांचीं कुळें

वाडी रत्नागिरीस, जोतिबाच्या डोंगरावर, केदारनाथाचें हल्लींचें देऊळ राणोजी शिंद्यांनीं १७३० सालीं बांधविलें व शेजारचें केदारेश्वराचें देऊळ दौलतराव शिंद्यांनीं १८०८ सालीं. हीं सालें आमचे संशोधक तत्परतेनें सांगतात. परंतु ज्या काळ्या पाषाणांतून तीं देवळें उभीं राहिलीं त्याचा काळ प्रथम कोणत्या साधनांवरून ठरविला गेला, याचा विचार या त्रैमासिकाच्या वाचकांसही अप्रस्तुत वाटूं नये; कारण तीं साधनेंही एक प्रकारचीं दप्तरेंच होत.

लाव्ह्याच्या दोन थरांच्या मधल्या अवकाशांत तळीं सांचलीं आणि त्यांच्या गाळांत शिंपले राहिले. असे थर नागपुराकडे विशेष प्रसिद्ध आहेत. माल्कमसन यांनीं जमविलेल्या नमुन्यांवरून सोवर्बी यांनीं १८४० त 'युनिओ डेक्कनेन्सिस' हें नांव दिलें. पुढें १८६० त नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनीं आपला प्रसिद्ध निबंध लंडनच्या भूगर्भविषयक त्रैमासिकांत छापिला. या निबंधाच्या मथळ्यांतच हे थर तृतीय युगाचे म्हटले आहेत. आज किरणोत्सर्गी मापनानें दख्खनचा बहुतेक लाव्हा सुमारें ६ कोटी ६० लक्ष वर्षांपूर्वींचा, म्हणजे खडूयुगाच्या अखेरीचा व तृतीय युगाच्या प्रारंभाचा, ठरला आहे. साधन मापनाचें नव्हतें, म्हणून हिस्लॉप यांस दोष देणें अन्यायाचें होईल. दोष आहे तो वर्गीकरणाच्या रीतींत, व तो त्यांच्या एकट्याचा नव्हे.

'युनिओ' हें त्या काळीं एक मोठें बासन होतें. गोड्या पाण्यांतला दुपाखी शिंपला दिसला कीं त्यांत टाकावा, जसें कोणत्याही मोडी कागदास कित्येक संग्राहक 'पेशवाई पत्र' म्हणून बांधून ठेवितात! शिंपल्याचें कूळ बाहेरच्या आकारावरून क्वचितच खरें कळतें. तें कळतें दोन्ही पाखें जेथें जुळतात त्या बिजागरीवरून, तिच्या दांतांवरून व स्नायूंच्या खुणांवरून. दगडानें भरून मिटलेल्या शिंपल्यांत नेमका हाच भाग दडून राहतो. शिवाय वाहत्या व सांचल्या पाण्यांत एकाच जातीचा आकार निरनिराळा होतो. मग आकारावरून जाति, जातींवरून काळ, ही सांखळी कितपत टिकावी?

याचें उत्तम उदाहरण पूर्व आशियांतील आहे. कोबायाशी व सुझुकी यांनीं १९३६ त कोरियाच्या खडूयुगीन थरांतून 'ट्रिगोनिऑइडीस' हा वंश वर्णिला. त्याच्या अंगावर कोन करून मिळणाऱ्या रेघा व दांतांवर बारीक चिरा. यामुळें १९५२ त कॉक्स यांनीं त्यास स्वतंत्र कूळ दिलें. हें कूळ आज नामशेष आहे. तें समुद्रांतल्या ट्रिगोनियाचें सगोत्र कीं नदींतल्या युनिओचें, याविषयीं तज्ज्ञांत वाद झाला, व दोन्ही पक्षांस आधार बिजागरीचाच शोधावा लागला. अंगावरील कोनाकृति रेघा तर हल्लींच्या कित्येक नदीशिंपल्यांवरही दिसतात. तेवढ्यावरून सगोत्रता मानणें म्हणजे आडनांव एक म्हणून घराणें एक ठरविणें होय.

२००८ त हार्टमन, एरिक्सन व बॅकन यांनीं हिस्लॉप यांचीं लॅटिन वर्णनें पुन्हा वाचून त्यांचे मूळ नमुने तपासले, हें काम आम्हांस विशेष आदरणीय वाटतें. छापील नकलेवरून नक्कल करण्यापेक्षां मूळ पोथीकडे जाणें कोणासही अधिक अवघड. असें परत जातां आलें, कारण नमुने सांभाळले गेले होते. हिस्लॉप स्वतः पुरातनवस्तूंचे शोधक; टाकळघाटचीं शिलावर्तुळें पाहून परततांना १८६३ त ते पाण्यांत बुडून वारले, आणि आदिवासींविषयींचे त्यांचे कागद टेंपल यांनीं १८६६ त छापिले.

आमच्या संग्राहकांविषयीं एक शब्द. काळा दगड कुजतांना कांद्याप्रमाणें पापुद्रे सुटतात व पोकळ्यांत स्फटिक धरतात. असे गोल तुकडे डोंगरावरून आणून त्यांस 'शिंपला' म्हणून चिठ्ठी लावूं नये. खरा शिंपला मिळाल्यास गांव, ओढा, थर व वरखालचा दगड तेथेंच लिहून ठेवावा, आणि मिटलेलीं पाखें घरीं हातोडीनें फोडून पाहूं नयेत.