काल्पनिक बायबलवरची शपथ

ससून हे नाव आपल्याला परके नाही. मुंबईची ससून गोदी आणि पुण्याचे ससून रुग्णालय ज्या घराण्याची आठवण देतात, त्याच घराण्यातील डेव्हिड ससून यांचा पणतू म्हणजे इंग्रज कवी सिगफ्रीड ससून. १९५७ साली, उतारवयात, त्यांनी कॅथलिक धर्म स्वीकारला. मात्र त्यांच्या ‘मेमॉयर्स ऑफ ॲन इन्फंट्री ऑफिसर’ (१९३०) या आत्मचरित्रात्मक कादंबरीचा विषय त्याच्या चाळीस वर्षे आधीचा आहे.

मिलिटरी क्रॉस मिळवलेला हा अधिकारी १९१७ मध्ये जखमी होऊन मायदेशी परतला आणि त्याने एक निवेदन काढले. संरक्षणासाठी सुरू झालेले युद्ध आता आक्रमणाचे झाले आहे, ज्यांच्या हाती ते थांबवणे आहे तेच ते लांबवत आहेत, असा त्याचा आरोप होता. ३० जुलै रोजी हे निवेदन ब्रिटिश संसदेत वाचले गेले. सरकारने काय केले? आपण कशासाठी लढत आहोत, या प्रश्नाचे उत्तर टाळून अधिकारी आजारी असल्याचे सांगितले. छातीवर पदक असलेल्यास भ्याड म्हणणे कठीण. रुग्ण म्हटले की वादच मिटतो. (ते पदक त्यांनी मर्सी नदीत फेकल्याची दंतकथा अनेकांनी रंगवली. फेकली होती ती केवळ फीत, आणि पुस्तकात तसेच लिहिले आहे. पदक २००७ साली कुटुंबीयांना घरात सापडले.)

पुस्तकातील सर्वोत्तम प्रसंग मित्राचा आहे. डेव्हिड क्रॉम्लेक, म्हणजे प्रत्यक्षातले कवी रॉबर्ट ग्रेव्ह्ज, नायक शेरस्टनला सांगतो की लष्कर तुझ्यावर खटला भरणार नाही. वेडा ठरवून कोंडून ठेवील. शेरस्टन शपथ मागतो. मित्र काल्पनिक बायबलवर हात ठेवून शपथ घेतो. ती खोटी असते. शेरस्टन वैद्यकीय मंडळापुढे जातो आणि त्याची रवानगी रुग्णालयात होते.

येथे दुबळ्या लेखकाने मित्राला खलनायक आणि स्वतःला हुतात्मा केले असते. ससून लिहितात की त्याच्या जागी आपणही हेच केले असते. त्याहून अवघड कबुली पुढे आहे : बाहेरून समुद्राकडे कपाळाला आठ्या घालून पाहत असताना मनावरचे प्रचंड ओझे उतरले होते. निषेध करणाऱ्याने आपली सुटकेची भावना अशी उघड करावी, हे युद्धसाहित्यात विरळा आहे.

एक उणीव मात्र खटकते. शेरस्टन कवी नाही. ससून यांची युद्धविरोधी साक्ष मुख्यतः त्यांच्या कवितेत आहे. ती वगळल्याने नायकाचा निषेध क्षणिक उद्रेकासारखा वाटतो. ही जागा त्यांनी ‘सिगफ्रीड्स जर्नी’मध्ये (१९४५) भरून काढली. १९१७ मध्ये तह झाला असता तरी ती शांतता टिकली असती असे मानणे कठीण, हेही तेथे ते लिहून जातात. आपल्याच गाजलेल्या निवेदनाविरुद्ध जाणारे हे वाक्य त्यांच्याकडून कोणी मागितले नव्हते.

संसदेत त्या दिवशी मंत्र्यांनी बहुधा एकही खोटा शब्द उच्चारला नसेल. वैद्यकीय मंडळाचा अभिप्राय खरोखरच त्यांच्यापाशी होता. खोटे बोलला तो मित्र. ससून १९१८ मध्ये आपल्या सैनिकांकडे आघाडीवर परतले आणि डोक्याला गोळी लागून पुन्हा जखमी झाले. निवेदनातील प्रश्नाला मात्र त्या सभागृहात उत्तर मिळाले नव्हते.